ध्वनिसंचाविषयीचे मत : स्वरूप आणि प्रामाण्य

प्रथम संज्ञा निश्चित करू. एका नावाखाली, एका क्रमाने आणि एका माध्यमाच्या कालमर्यादेत एकत्र आणलेल्या ध्वनिमुद्रणांना या लेखात 'संच' म्हटले आहे. व्यवहारात त्यालाच अल्बम म्हणतात. गीत, बंदिश किंवा गत ही 'रचना'. ती रचना विशिष्ट कलावंताने विशिष्ट वेळी सादर केली की तो 'आविष्कार'. त्या आविष्काराचे यंत्राने टिपलेले रूप म्हणजे 'मुद्रण'. संच हा या तिन्हींहून वेगळा, चौथा पदार्थ आहे. रचना श्रेष्ठ, आविष्कार श्रेष्ठ, मुद्रणही निर्दोष, आणि तरीही संच सामान्य, असे होऊ शकते. क्रम चुकला किंवा निवड फसली की होतेच. म्हणून 'हा अल्बम चांगला आहे' असे कोणी म्हणाले की त्याचे म्हणणे या चारांपैकी कशाविषयी आहे, हा पहिला प्रश्न ठरतो.

मताचेही तीन स्तर आहेत. (१) रुची : आवडले किंवा आवडले नाही. येथे कारण मागता येत नाही. (२) परीक्षण : संचातील असा गुण वा दोष दाखवणे, जो दुसरा श्रोता स्वतः ऐकून पडताळू शकेल. (३) निर्णय : समान जातीच्या इतर संचांच्या तुलनेत स्थान ठरवणे. निर्णय परीक्षणावर उभा राहतो, रुचीवर उभा राहू शकत नाही. रुची खोटी नसते. परंतु ती श्रोत्याविषयी सांगते, संचाविषयी सांगत नाही. संगीतावरचे बहुतेक वाद पहिल्या स्तरावरचे वाक्य तिसऱ्या स्तराच्या आवाजात बोलल्यामुळे होतात.

याखेरीज प्रत्येक मताला एक उपाधी चिकटलेली असते : श्रोत्याने तो संच कोठे, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या कानांनी ऐकला. प्रतिपादन असे की, विषय, जाती आणि उपाधी या तिन्हींचा उल्लेख ज्या मतात आहे तेच मत दुसऱ्याच्या उपयोगाचे.

या प्रतिपादनाच्या परीक्षेसाठी भिवंडीइतके योग्य नगर महाराष्ट्रात क्वचित सापडेल. येथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, भोवताली आगरी गावे आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आहेत आणि यंत्रमागांवर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत. त्यामुळे कव्वाली, आगरी-कोळी गीते, भोजपुरी, तेलुगू चित्रपटगीते, भीमगीते आणि अभंग हे सर्व एकाच श्रोत्याच्या कानांवर पडते, त्याने निवडो वा न निवडो. भिसीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवायला बसलेल्याला शेजारच्याच्या फोनवरचे संगीत ऐकावेच लागते. अनेक प्रकारांविषयी मत बनवणे हा येथे छंद नसून राहण्याचाच एक भाग आहे.

आता संचाच्या जाती.

पहिली जात संकलनाची : आधी सुटी असलेली मुद्रणे नंतर एकत्र करणे. तिचे निकष दोनच, निवड आणि पूर्णता. तिच्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. मात्र गझलेचे संच या जातीजवळ येतात, हे नोंदवले पाहिजे. गझलेत प्रत्येक शेर अर्थदृष्ट्या स्वतंत्र असतो. म्हणजे गझल हेच मुळात एक संकलन, आणि गझलांचा संच हे संकलनांचे संकलन. जगजीत आणि चित्रा सिंह यांच्या 'द अनफर्गेटेबल्स' या १९७०च्या दशकातील संचात क्रम बदलला तरी फारसे बिघडत नाही. त्याचे मूल्य अन्यत्र आहे : शब्द प्रत्येक ठिकाणी स्पष्ट राहील इतकी वाद्ये दूर ठेवण्यात. निर्णय : या जातीत उत्तम, पण त्याच्या क्रमाची स्तुती करणारा चुकीच्या गोष्टीची स्तुती करतो.

दुसरी जात मैफलीच्या प्रतिनिधीची. येथे संच स्वतःचे विश्व निर्माण करीत नाही. एका मोठ्या आविष्काराची प्रमाणबद्ध लघुप्रतिमा देतो. हिची समस्या कालमर्यादेची. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. १९४८ साली आलेल्या दीर्घ तबकडीने एका बाजूला वीस ते पंचवीस मिनिटे दिली. तासभर गायचा राग पंचवीस मिनिटांत आणायचा तर तीन मार्ग उरतात : विस्ताराचे टप्पे गाळणे, प्रत्येक टप्पा आखडणे, किंवा राग नव्याने योजणे. बहुतेक गायकांनी पहिला किंवा दुसरा मार्ग घेतला. किशोरी आमोणकरांनी तिसरा घेतला. १९७०च्या दशकाच्या आरंभीच्या त्यांच्या भूप-बागेश्री या तबकडीवर भूप एक संपूर्ण बाजू व्यापतो. विलंबित आणि द्रुत या दोन बंदिशींत आलाप, बोलालाप आणि तान यांना मिळालेला अवकाश असा मोजलेला आहे की बाजू संपते तेथे राग तोडला असे वाटत नाही. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरलेल्या पाच स्वरांत पुनरुक्ती टाळणे हे मुळातच कठीण, आणि पुनरुक्तीला येथे कोठेही जागा दिलेली नाही. गांधारावरचा न्यास दर वेळी वेगळ्या दिशेने येतो : कधी पंचमावरून उतरून, कधी ऋषभावरून चढून, कधी धैवताचा स्पर्श घेऊन. हे विधान पडताळता येते, म्हणून ते परीक्षण आहे. निर्णय : मैफलीच्या प्रतिनिधींमध्ये हा संच सर्वोच्च. या तबकडीवरून भूप 'पाठ' झालेल्या अनेकांनी भूप म्हणजे एवढाच असे मानले, हा दोष त्यांच्या ऐकण्याचा आहे, तबकडीचा नाही.

तिसरी जात माध्यमनिष्ठ संचाची. येथे तबकडी किंवा कॅसेट हे नुसते पात्र राहत नाही; तिच्या दोन बाजू, तिचा कालावधी, तिचा क्रम हीच रचनेची अंगे होतात. या जातीचे आपल्याकडील प्रमाण उदाहरण म्हणजे १९६७ सालचा 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि निर्मिती मराठी भावगीताच्या आद्य गायकांपैकी एक असलेल्या जी. एन. जोशी यांची. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस हा त्याचा विषय. अहिरभैरव आणि नटभैरव यांनी पहाट होते. पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागांचा कालसिद्धान्त येथे कथेचा सांगाडा बनला आहे. क्रम बदलला तर दिवस उलटा होतो, म्हणजे संचच मोडतो. आता हाच संच दुसऱ्या जातीच्या निकषाने तपासावा : पिलू किंवा भूप सहा-सात मिनिटांत आटोपतो, विलंबिताला वाव नाही, विस्तार प्राथमिक आहे. त्या निकषाने तो अनुत्तीर्ण. तिसऱ्या जातीच्या निकषाने तो अग्रस्थानी. वस्तू तीच, श्रोता तोच. निर्णय बदलला तो जातीमुळे. 'हे शास्त्रीय संगीत नव्हे' असा जो आक्षेप या संचावर घेतला जातो, त्याचे उत्तर यात आहे.

'गीतरामायण' हे या जातीच्या सीमेवरचे उदाहरण. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. क्रम अनिवार्य आहे; पण दोन गीतांत सात दिवसांचे अंतर धरून ती रचलेली आहेत. सलग ऐकणाऱ्याला जी एकसुरी लय जाणवते, ती रचनेतील दोष नाही. मूळ माध्यम सोडल्याचा परिणाम आहे.

जाती ओळखण्यात चूक झाली की किती अनर्थ होतो, हे कव्वालीत दिसते. कव्वालीचे तत्त्व आवर्तनाचे. मूळ ओळ परत परत येते. मध्येच कव्वाल दुसऱ्या कवीचा शेर गिरह म्हणून जोडतो आणि मूळ ओळीवर उतरतो. कोणती ओळ किती वेळा घ्यायची हे समोरचे श्रोते ठरवतात. भिवंडीत दीवानशाहांच्या दर्ग्याच्या उरुसाला ज्यांनी कव्वाली ऐकली आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. नुसरत फतेह अली खान यांचा १९९०चा 'मस्त मस्त' हा मायकेल ब्रूक यांच्यासह केलेला संच या तत्त्वाच्या विरुद्ध जातो : आवर्तने कापली आहेत, तुकडे गीताच्या लांबीचे केले आहेत, काही ठिकाणी शब्दांऐवजी केवळ सरगम आणि आलाप आहेत. कव्वाली म्हणून त्याला स्थान नाही. माध्यमनिष्ठ संच म्हणून त्यात विचार आहे, पण स्वर आणि त्यामागील वाद्यमेळ यांच्यात संवाद थोडा. नुसरत यांचा आवाज कोणत्याही पार्श्वभूमीवर उठून दिसला असता. निर्णय : मध्यम. एक वर्ष आधीचा 'शहेनशाह', ज्यात मंडळी आणि टाळ्या आहेत तशा आहेत, त्याहून पुष्कळ वरचा.

येथून उपाधीकडे येऊ. भिवंडीच्या श्रोत्याची पहिली उपाधी यंत्रमाग. साधा धोट्याचा माग मिनिटाला सुमारे १२० ते १५० वेळा धोटा फेकतो. म्हणजे सेकंदाला दोन-अडीच आघात. एकच माग असता तर तो मध्यलयीचा ठेका ठरला असता. कारखान्यात डझनावारी माग असतात, त्यांचे आघात एकमेकांशी जुळत नाहीत, आणि लय लोपून केवळ गोंगाट उरतो, तोही ९० डेसिबलच्या वर. असा गोंगाट बारा तासांच्या पाळीत, वर्षानुवर्षे ऐकणाऱ्याची श्रवणशक्ती प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास क्षीण होते. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचे तेज याच उच्च पट्ट्यात असते. बोलणे ऐकू येते, कळत नाही. इंग्लंडमधील लँकशायरच्या गिरण्यांत विणकर ओठांच्या हालचालींवरून बोलत, ते अशा गोंगाटामुळेच.

दुसरी उपाधी फोनचा लहान स्पीकर. तो खालच्या पट्टीतील ध्वनी जवळजवळ देतच नाही. वरच्या स्वरांशांवरून कान मूळ स्वर स्वतः भरून काढतो, म्हणून तंबोऱ्याच्या खर्जाची उंची कळते. पण त्याचे शरीर हरवते, आणि डग्ग्याची घुमार तर नाहीशीच होते. या दोन उपाधी एकत्र केल्या की जे टिकते ते असे : तार सप्तकातील खुला आवाज, पेटी, टाळी, बँजो. कव्वाली, आगरी गीते आणि भोजपुरी टिकतात. भूपाचा मंद्र आलाप आणि गझलेतील हळुवार उच्चार टिकत नाहीत. यावरून 'कामगारांची रुची भडक' असा निष्कर्ष जे काढतात, ते उपाधीचा गुण श्रोत्यावर लादतात. हा निष्कर्ष अज्ञानमूलक आहे आणि अन्यायाचाही आहे. शेकडो आघातांच्या कल्लोळात स्वतःच्या मागाचा आवाज किंचित बदलला तरी धागा तुटल्याचे ओळखणारा कान स्थूल म्हणता येत नाही.

उपाधीचा दोष सर्वसामान्य श्रोत्यापुरता मर्यादित नाही. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' या विख्यात जॅझ संचाच्या पहिल्या बाजूवरील तीन रचना यंत्राच्या गतिदोषामुळे मूळ पट्टीहून किंचित चढ्या ऐकू येत. १९९२च्या आवृत्तीत ती चूक सुधारली गेली. तोवर ३३ वर्षे जगभरच्या जाणकारांनी त्या चढ्या प्रतीवरून मते दिली. ती सर्व मते बाद होतात काय? होत नाहीत. रचना, क्रम आणि वादकांचा परस्परसंवाद यांविषयीची मते अबाधित राहतात. ट्रम्पेटच्या नादगुणाविषयीची मते तेवढी पुन्हा तपासावी लागतात. मुद्रणाचा दोष मुद्रणाविषयीच्या विधानालाच लागतो. म्हणून विषय सांगणे आवश्यक.

शेवटचे उदाहरण भिवंडी तालुक्याच्या मातीतले, आगरी-कोळी गीतांचे. शान्ता शेळके यांची गीते, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे स्वर यांतून झालेली कोळीगीते महाराष्ट्रभर गेली. रचना आणि आविष्कार या दोन्ही दृष्टींनी ती पहिल्या प्रतीची आहेत. पण ती किनाऱ्याविषयीची गीते आहेत, किनाऱ्यावरची नव्हेत. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, लहान निर्माते उभे राहिले, आणि आगरी-कोळी गायकांचे स्वतःचे संच बाजारात आले. त्यांतील वाद्यमेळ बहुधा बँजो पार्टीचा, मुद्रण घाईचे, निवड असमान. तरीही उच्चार त्यांचा आहे, आणि हा गुण परीक्षणात मोजला पाहिजे. कॅसेटने एक हानीही केली. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते : वाद्याविना, मांडवापासून लग्नघटिकेपर्यंत, प्रत्येक विधीला त्याचे त्याचे गीत. मराठीत या परंपरेचे धागे १३व्या शतकातील कवयित्री महदंबेच्या धवळ्यांपर्यंत जातात. तिसऱ्या जातीच्या संचाला हवे ते सर्व येथे सिद्ध आहे : एक विषय, अनिवार्य क्रम, आरंभ आणि समाप्ती. कॅसेटने यातून हळदीची गीते उचलली, त्यांना ठेका लावला आणि उरलेला क्रम मागे टाकला. उद्या डीजेवर तीच वाजणार, हे उघड आहे.

म्हणून ज्यांच्या हाती आज मुद्रणाची साधने आहेत, आणि आता ती प्रत्येकाच्या खिशात आहेत, त्यांना एक विनंती. आपल्या गावातील धवलारणीचा संपूर्ण धवला, ती ज्या क्रमाने गाते त्याच क्रमाने, ठेका न घालता आणि तिची संमती घेऊन मुद्रित करावा; गावाचे नाव, दिवस आणि कोणत्या विधीला कोणते गीत, हे सोबत लिहून ठेवावे.