‘कारवाई नाही’ : डनब्लेनची नस्ती

डनब्लेन हे स्कॉटलंडमधील स्टर्लिंग शहराजवळचे एक लहानसे गाव. ॲलन नदीच्या काठी, एका मध्ययुगीन कॅथेड्रलच्या आधाराने वसलेले. १३ मार्च १९९६ रोजी, बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, गावातील प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत त्रेचाळीस वर्षांचा एक माणूस शिरला. त्याच्याजवळ चार हातबंदुका होत्या (दोन पिस्तुले, दोन रिव्हॉल्व्हर) आणि सातशेहून अधिक काडतुसे. व्यायामशाळेत पहिलीचा वर्ग होता. वर्गात २८ मुले, बहुतेक पाच वर्षांची. तीन-चार मिनिटांत १६ मुले आणि त्यांच्या वर्गशिक्षिका मृत्युमुखी पडल्या, आणखी पंधरा जण जखमी झाले आणि शेवटी त्या माणसाने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्याचे नाव सर्व अभिलेखांत आहे, पण या लेखात ते लिहिण्याचे मला कारण दिसत नाही. प्रशासनातील माणूस म्हणून मला त्याच्या मनापेक्षा त्याच्या नस्तीत अधिक रस आहे. याचे कारण असे की त्या चारही हातबंदुका परवान्याच्या होत्या. चोरीच्या नव्हत्या, तस्करीच्या नव्हत्या. शासनाने रीतसर अर्ज घेऊन, शुल्क घेऊन, १९७७ पासून वेळोवेळी नूतनीकरण करून दिलेल्या परवान्यावर त्या घेतलेल्या होत्या. शेवटचे नूतनीकरण १९९५ सालचे, म्हणजे घटनेच्या जेमतेम वर्षभर आधीचे.

हा मनुष्य कोणाला ठाऊक नव्हता असेही नाही. १९७३ मध्ये तो स्काउट पथकाचा साहाय्यक प्रमुख झाला, आणि त्याच्या वागण्याबद्दल तक्रारी आल्यावर १९७४ मध्ये स्काउट संघटनेने त्याला दूर केले. त्यानंतर तो स्वतःच मुलांचे क्लब चालवू लागला. शाळांच्या व्यायामशाळा संध्याकाळी भाड्याने घ्यायच्या आणि तेथे मुलग्यांना कसरती शिकवायच्या, असा उपक्रम. मुलांना उघड्या अंगाने कसरत करायला लावणे, त्यांची छायाचित्रे घेणे, वाजवीपेक्षा जास्त जरब दाखवणे अशा कुरबुरी पालकांत वर्षानुवर्षे चालू होत्या. प्रत्येक कुरबूर वेगळी, वेगळ्या गावातली आणि वेगळ्या कार्यालयात केलेली. गुन्हा म्हणून न्यायालयात उभी राहील अशी मात्र त्यात एकही नव्हती.

या नस्तीतला एक कागद मला फार अस्वस्थ करतो. १९८३ मध्ये स्थानिक परिषदेने या तक्रारींमुळे डनब्लेनच्या माध्यमिक शाळेचे सभागृह त्याला भाड्याने देणे बंद केले. एखाद्या सावध अधिकाऱ्याने जे करायला हवे तेच परिषदेने केले, असे आज वाटते. पण त्या गृहस्थाने स्थानिक प्रशासनाविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे धाव घेतली आणि १९८४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला! ऐकीव गोष्टींवर विसंबून, पुरेशी चौकशी न करता परिषदेने एका नागरिकावर अन्याय केला, असा त्या निकालाचा आशय होता. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, त्या दिवशी समोर असलेल्या कागदांवर लोकपालांचे चुकले असेही म्हणता येत नाही. कुजबुजीवरून कोणाचा हक्क काढून घेऊ नये, हे तत्त्व आपणही प्रशिक्षणात शिकतो आणि शिकायलाच हवे. परंतु त्या निकालाचा पुढे परिणाम झाला. हा मनुष्य पत्रे लिहितो, आमदार-खासदारांपर्यंत जातो, वरिष्ठांकडे दाद मागतो आणि जिंकतोही, हे सर्व कार्यालयांना कळून चुकले. अशा अर्जदाराची नस्ती टेबलावर आली की अधिकाऱ्याचा हात किती सावकाश चालतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाला विचारावे.

१९९१ च्या उन्हाळ्यात त्याने मुलांचे एक शिबिर भरवले. तेथून तक्रारी आल्या आणि बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्या एका पोलीस सार्जंटने चौकशी केली. त्याने ११ नोव्हेंबर १९९१ रोजी वरिष्ठांना एक टिपण लिहिले. हा माणूस विश्वासास पात्र नाही, त्याचे मन स्थिर नाही, त्याच्याकडील शस्त्रपरवाना काढून घेण्याचा गांभीर्याने विचार व्हावा, असा त्याचा मथितार्थ. टिपण योग्य मार्गाने वर गेले आणि उपमुख्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचले. तेथून ते परत आले तेव्हा त्यावर शेरा होता : कारवाई नाही.

ब्रिटनच्या १९६८ च्या शस्त्र कायद्यात अधिकार नव्हता म्हणून हे झाले असे नाही. ज्याच्या हाती शस्त्र असणे सार्वजनिक सुरक्षिततेला धोक्याचे आहे अशा, किंवा अन्य कारणाने अयोग्य अशा व्यक्तीचा परवाना रद्द करण्याची तरतूद त्यात होती. अडचण होती ती अपिलाची. शिबिराच्या तक्रारींवर खटला भरण्यास सरकारी अभियोक्त्याने नकार दिला होता. दोषसिद्धी नाही, खटलाही नाही, मग परवाना रद्द केला तर शेरीफच्या न्यायालयात तो आदेश टिकणार कसा? या एका प्रश्नापुढे सार्जंटचे टिपण निष्प्रभ ठरले.

हे वाचताना मला आपले जिल्हे आठवतात. महाराष्ट्राबाहेर, विशेषतः ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात किंवा उत्तर प्रदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना खांद्यावरची बंदूक म्हणजे काय प्रतिष्ठा असते हे वेगळे सांगायला नको. २००८ मध्ये मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना प्रशासनानेच काढली होती, यावरून काय ते समजावे. मी उत्तरेकडील एका जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी असताना आठवड्याचा एक दिवस परवान्यांच्या नस्त्यांसाठी राखून ठेवत असे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो. तो अहवाल बहुधा दीड ओळीचा असे : ‘चाल-चलन ठीक है, आम शोहरत अच्छी है.’ शंभर अर्जदारांची शोहरत शब्दशः सारखी. अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहताही निर्णय घेण्याची मुभा कायदा देतो. कलम १४ मध्ये ‘कोणत्याही कारणास्तव अयोग्य’ व्यक्तीला परवाना नाकारण्याचा आणि कलम १७ मध्ये दिलेला परवाना रद्द करण्याचा अधिकार आहे. पण तेथेही कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि पुढे अपील असतेच. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, म्हणजे ती नस्ती उघडण्याचे निमित्तही आता पूर्वीपेक्षा उशिराने येते. एकदा एका ठाणेदाराने ठराविक दीड ओळ सोडून पानभर लिहिले होते. गुन्हा एकही नाही, पण शेजारी घाबरतात, बायको माहेरी निघून गेली आहे, असे. त्या पानाचे पुढे काय करायचे, हे माझ्या कार्यालयातील कोणालाही ठाऊक नव्हते. छापील नमुन्यात त्याला रकानाच नव्हता. मी ते पान हेच कारण म्हणून आदेशात उतरवले. अपिलात तो आदेश टिकला, पण टिकेल अशी खात्री कोणीही देत नव्हते.

पुन्हा डनब्लेनकडे वळतो. घटनेनंतर आठ दिवसांनी, २१ मार्चला, लॉर्ड कलन या न्यायाधीशांची चौकशीसाठी नेमणूक झाली. पायपर अल्फा या तेलविहिरीच्या फलाटावरील १९८८ च्या अपघाताची चौकशी त्यांनीच केली होती. उन्हाळ्यात स्टर्लिंगमध्ये जाहीर सुनावण्या झाल्या आणि १६ ऑक्टोबर १९९६ रोजी अहवाल प्रसिद्ध झालासुद्धा. सात महिन्यांत! आपल्या लिबरहान आयोगाला सतरा वर्षे लागली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

कलन यांचा अहवाल संयमित आहे. हा माणूस असे काही करील याचे भाकीत करता आले नसते, असे ते स्पष्ट म्हणतात. तरीही परवाना रद्द करण्याइतका आधार नस्तीत होता आणि त्यावर कारवाई व्हायला हवी होती, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात, पण तशी ती नाहीत. परवाना देणाऱ्याने भविष्य सांगायचे नसते. या हाती हे शस्त्र असावे काय, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. पोलिसांच्या निर्णयावरील अपिलाची व्याप्ती ठराविक मुद्द्यांपुरती मर्यादित करावी अशी शिफारस कलन यांनी केली, ती याच जाणिवेतून. १९९१ च्या त्या शेऱ्यामागची भीतीच त्यांनी हेरली होती. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याने पद सोडले.

बंदुकांबाबत मात्र कलन सावध राहिले. वापरात नसताना हातबंदुकांचा मुख्य भाग काढून वेगळा ठेवावा, आणि ते शक्य नसेल तर अनेक गोळ्या झाडणाऱ्या हातबंदुका व्यक्तीकडे ठेवण्यावर बंदीचा विचार व्हावा, इतपतच ते गेले. शासन त्यांच्या पुढे गेले, ते गावामुळे. मृत मुलांच्या कुटुंबांच्या मित्रमंडळींनी एक अर्ज फिरवण्यास सुरुवात केली होती. मार्चमध्ये त्या भागात फुललेले असते ते स्नोड्रॉपचे पांढरे फूल, म्हणून मोहिमेला तेच नाव पडले. राजकीय पक्ष नाही, कार्यालय नाही; टेबले मांडून बसलेल्या साध्या बाया. सात लाखांहून अधिक सह्या त्यांनी संसदेत नेल्या. सतरा वर्षांपूर्वी नव्हे, नऊच वर्षांपूर्वी, १९८७ मध्ये, इंग्लंडमधील हंगरफर्ड येथे परवानाधारक बंदूकवाल्याने १६ जणांना मारले होते. त्यानंतर १९८८ च्या कायद्याने अर्धस्वयंचलित रायफली बंद झाल्या, पण हातबंदुका राहिल्या होत्या. या वेळी मेजर यांच्या हुजूर सरकारने १९९७ च्या प्रारंभी ०.२२ हून मोठ्या हातबंदुकांवर बंदी आणली, आणि मे महिन्यात सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने त्याच वर्षी दुसरा कायदा करून ०.२२ च्याही बंद केल्या. उत्तर आयर्लंड तेवढे वगळले. भरपाई देऊन दीड लाखाहून अधिक हातबंदुका जमा करून घेतल्या गेल्या. ज्यांनी कधी कोणाला इजा केली नव्हती अशा हजारो नेमबाजांचा छंद एका फटक्यात बेकायदा ठरला, आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेसाठी पिस्तूल-नेमबाजीला खास परवानगी काढावी लागली. त्यांची तक्रार मला पोकळ वाटत नाही. पण परवाना देणारी यंत्रणा माणूस ओळखण्यात दोनदा उणी पडल्यावर संसदेने वस्तूच काढून घेतली, हे मला समजू शकते.

माणूस ओळखण्याचे काम त्यामुळे संपले नाही. शॉटगन कायद्याने चालूच राहिली. प्लिमथमधील कीहॅम येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एकाने पाच जणांना ठार मारले, त्यात तीन वर्षांची एक मुलगी होती. मारहाणीच्या प्रकरणामुळे जप्त केलेली त्याची शॉटगन आणि प्रमाणपत्र पोलिसांनी जेमतेम महिनाभर आधी परत केले होते. २०२३ मध्ये तेथील ज्यूरीने पोलिसांच्या परवाना विभागावर गंभीर ठपका ठेवला. डनब्लेनपासून पाव शतक उलटले होते.

गावाचे काय झाले? त्या सकाळी बातमी पसरताच आईबाप शाळेच्या फाटकाशी धावले. वर्गाला ओळखणाऱ्या शिक्षिकाच गेलेल्या, जखमी मुले रुग्णालयांत विखुरलेली. कोण आहे, कोण नाही हे ठरेपर्यंत दुपार उलटली. ते वाट पाहणे कुटुंबांना असह्य झाले, आणि कलन यांनी अहवालात त्या विलंबाचाही परामर्श घेतला. आपत्तीत पहिले काम मोजणीचे नसून सांगण्याचे असते, हे आपल्या नियंत्रण कक्षांत अजूनही फारसे रुजलेले नाही. शुक्रवारी पंतप्रधान मेजर आणि विरोधी पक्षनेते ब्लेअर दोघे मिळून आले. रविवारी राणी आली. तो दिवस ब्रिटनमधील मातृदिनाचा होता. २२ मार्चला शाळा पुन्हा भरली. व्यायामशाळा काही आठवड्यांतच पाडून टाकली. इमारत तीच ठेवून फक्त ती एक खोली नाहीशी करण्याचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

चौकशीतील काही कागदपत्रे मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून शंभर वर्षांसाठी बंद ठेवली गेली. हेतू चांगला होता. पण शंभर वर्षे हा आकडा ऐकताच मोठ्या माणसांना पाठीशी घातले जात असल्याची शंका पसरली आणि ती वर्षानुवर्षे विरली नाही. अखेर ऑक्टोबर २००५ मध्ये नावे झाकून ते कागद खुले केले गेले. हे काम १९९६ मध्येच करता आले असते.

जगभरातून आलेल्या देणग्यांतून २००४ मध्ये गावात तरुणांसाठी डनब्लेन सेंटर उभे राहिले. त्या शाळेत त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी आठ वर्षांचा एक मुलगा, अँडी मरे, पुढे २०१३ मध्ये विम्बल्डन जिंकला. २०१२ च्या ऑलिंपिकमधील त्याच्या सुवर्णपदकानंतर गावातील टपालपेटी सोनेरी रंगवली गेली, आणि तेव्हापासून प्रवासी त्या पेटीचेही छायाचित्र घेऊ लागले. मार्च २०१८ मध्ये, फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाल्यानंतर, डनब्लेनमधील कुटुंबांनी आणि वाचलेल्यांनी तेथील विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिले. वाचलेली पाच वर्षांची मुले तोवर सत्तावीस वर्षांची झाली होती.