एका डॉलरचे खरेदीखत

२८ एप्रिल १९५३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात एक खरेदीखत झाले. लिहून देणार हूकर इलेक्ट्रोकेमिकल कंपनी, लिहून घेणार शहराचे शाळा मंडळ, जागा सुमारे १६ एकर आणि मोबदला एक डॉलर. या दस्तातले एक कलम आजही लक्षपूर्वक वाचावे असे आहे. कंपनीच्या कारखान्यातील रासायनिक कचऱ्याने ही जमीन पूर्णतः किंवा अंशतः भरलेली आहे, याची कल्पना घेणाऱ्याला दिली आहे; वापरातून येणारी सारी जोखीम त्याची; इजा, मृत्यू किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तरी कंपनीवर दावा करायचा नाही; आणि जमिनीच्या पुढच्या प्रत्येक हस्तांतरणाला याच अटी लागू राहतील.

ही जागा म्हणजे लव्ह कॅनॉल. विल्यम लव्ह या उद्योजकाने १८९० च्या दशकात खोदायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला कालवा. १९४२ पासून हूकर कंपनीने त्यात सुमारे २१,८०० टन रासायनिक कचरा पुरला.

कंपनीने विषारी जमीन गुपचूप शाळेच्या गळ्यात मारली, अशी एक कथा सांगितली जाते. वरचे कलम पाहता ती टिकत नाही. दस्ताच्या वर्षभर आधीची नोंदही तिच्या विरुद्ध जाते. २४ मार्च १९५२ रोजी कंपनीने मंडळाच्या प्रतिनिधींना जागेवर नेले आणि त्यांच्यादेखत आठ बोअर घेतले. त्यांपैकी दोन ठिकाणी, जमिनीखाली अवघ्या चार फुटांवर रसायने लागली. घेणाऱ्याने जमीन पाहून, तपासून घेतली होती.

याच्या उलट बाजूची कथा अशी, की कंपनीने इशारा दिला म्हणून ती सुटली. तीही अपुरी आहे. दस्तात दाव्यांपासून संरक्षणाची भाषा सविस्तर आहे; पण कोणता कचरा, किती, कोठे आणि त्यावर काय बांधू नये, याचा तपशील त्यात नाही. कलमाचा भर घेणाऱ्याला सावध करण्यापेक्षा देणाऱ्याला मोकळे करण्यावर आहे.

पुढचे कागद शाळा मंडळाच्या दप्तरातले आहेत. दस्ताला चार महिने होतात तोच, ऑगस्ट १९५३ मध्ये, याच जागेवरची ४,००० घनयार्ड भर दुसऱ्या शाळेच्या सपाटीकरणासाठी उचलण्याचा ठराव झाला. जानेवारी १९५४ मध्ये वास्तुविशारदाने कळवले, की खोदकामात रासायनिक कचऱ्याच्या पिंपांचे दोन साठे लागले. आत काय आहे ठाऊक नसताना तेथे बांधणे शहाणपणाचे नाही, काँक्रीटच्या पायालाही धोका संभवतो. मंडळाने इमारत ८०-८५ फूट बाजूला सरकवली आणि १९५५ मध्ये शाळा सुरू केली. १९५७ मध्ये उरलेली जमीन घरबांधणी करणाऱ्यांना विकण्याचा विचार मंडळात आला, तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधींनी बैठकीत येऊन विरोध केला. तो विक्रीचा प्रस्ताव बारगळला. पण त्याच सुमारास शहराने कालव्याच्या कडा फोडून सांडपाण्याच्या वाहिन्या नेल्या.

पुरलेली रसायने आसपासच्या घरांत पाझरू लागल्यावर २ ऑगस्ट १९७८ रोजी राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद झाली. गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांखालील मुलांनी जागा सोडावी, असे सांगण्यात आले. पाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी संघराज्याची आणीबाणी घोषित केली. कालव्यालगतच्या रस्त्यांवरची २३९ कुटुंबे प्रथम हलवली गेली.

या कुटुंबांच्या खरेदीखतांत १९५३ चे कलम का नव्हते? कालव्याच्या दोन्ही अंगांना, ९७ व्या आणि ९९ व्या रस्त्यांवर उभी राहिलेली घरे हूकरने दिलेल्या १६ एकरांत नव्हती. ती शेजारच्या, वेगळ्या मालकीच्या जमिनीवर होती. अट मालकीच्या साखळीने पुढे जाते; रसायन पाण्याच्या वाटेने जाते. इशारा एका सर्व्हे हद्दीत थांबला आणि कचऱ्याचा पाझर कुंपणापलीकडच्या तळघरांत उतरला. पुढे काय झाले ते समजायला या प्रकरणाचा हाच मुद्दा पुरेसा आहे.

डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेने ‘सुपरफंड’ कायदा केला. कचरा कोणी टाकला याची पर्वा न करता आजच्या मालकालाही त्याने सफाईच्या खर्चाला जबाबदार धरले. १९८६ च्या दुरुस्तीने, विकत घेण्यापूर्वी योग्य ती सर्व चौकशी करूनही दूषण कळले नाही अशा खरेदीदाराला बचाव दिला. त्या चौकशीचे प्रमाणित रूप १९९३ मध्ये ठरले: ‘फेज वन’ पर्यावरणीय तपासणी. तीत जुने नकाशे, हवाई छायाचित्रे, सरकारी नोंदी, आधीच्या मालकांच्या मुलाखती आणि जागेची पाहणी येते. खोदकाम नसते; शंका आली तर ‘फेज टू’मध्ये माती-पाण्याचे नमुने घेतात. तपासणीचे मुख्य भाग १८० दिवसांपेक्षा जुने असतील तर खरेदीपूर्वी नव्याने करावे लागतात. शिवाय लगतच्या जमिनी पाहाव्या लागतात आणि सुपरफंड यादीतील स्थळे तर एक मैलापर्यंत शोधावी लागतात. त्या २३९ कुटुंबांच्या दस्तांत जे मावले नव्हते, ते या तरतुदीत आले.

१९५३ च्या कलमाचा निकालही लागला. १९८८ मध्ये संघराज्य न्यायाधीश जॉन कर्टिन यांनी, दोष इतरांचा हा कंपनीचा बचाव नाकारून तिला सफाईच्या खर्चास जबाबदार धरले. १९९४ मध्ये मात्र त्यांनीच राज्याची दंडात्मक भरपाईची मागणी फेटाळली. हूकर १९६८ मध्येच ऑक्सिडेंटल कंपनीने घेतली होती. तिने १९९५ मध्ये केंद्र सरकारला १२.९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. एका डॉलरचा व्यवहार एवढ्यावर गेला.

शाळा मंडळाची बाजू आजच्या कसोटीवर अधिकच लंगडी ठरते. २००२ पासून दूषण माहीत असूनही सफाईची जबाबदारी न ओढवता जमीन घेता येते; पण मग ते पसरू नये, कोणाच्या संपर्कात येऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घेणे खरेदीदारावर बंधनकारक असते. मंडळाने बोअर पाहिले, कलम वाचले, आणि तरीही भर उचलण्याचा ठराव केला; वास्तुविशारदाचे पत्र आले, तरीही तेथेच शाळा बांधली. माहितीची उणीव तेथे नव्हती. जागा घेणाऱ्याने आपल्या दस्ताबरोबर शेजारच्या जमिनीचा इतिहासही मागवावा, आणि अहवाल हाती आल्यावर तो फायलीत न ठेवता त्याप्रमाणे वागावे.