श्रोता कोण?

गावोगावच्या वाचनालयांत संध्याकाळची व्याख्याने होतात. पुढे कधीतरी मालेचा सुवर्णमहोत्सव येतो, स्मरणिका निघते, तीत वक्त्यांची यादी छापली जाते. श्रोत्यांची नोंद मात्र 'सभागृह तुडुंब भरले होते' एवढ्यावर आटोपते. हाच इतिहास श्रोत्यांच्या बाजूने पाहिला, तर तो वेगळा दिसू लागतो.

पुण्यात १८४८ साली 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. तिच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. पण ग्रंथालयाचा लाभ घ्यायचा तर अक्षरओळख हवी. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा निदान तत्त्वतः ही अट उरली नाही. वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येते.

मात्र ऐकायला येऊन बसणे ही गोष्ट सोपी नव्हती. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला. अशा सभांना जाणाऱ्या सुनेला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची कोणती बोलणी खावी लागत, हे रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत वाचायला मिळते. सभेतल्या एका जागेची किंमत घरी मोजावी लागे.

दुसरी अडचण जातीची. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण धाडले. फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे माणसामाणसांतले समान हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. हा नकार व्यक्तिगत वैरातून आलेला नव्हता. दहाच वर्षांपूर्वी दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीला पुण्यात विरोध झाला, तेव्हा फुले रानड्यांच्या बाजूने उभे राहिले होते.

हे पत्र एरवी वादाचा कागद म्हणून वाचले जाते. त्याच्या शेजारी 'शेतकऱ्याचा असूड' ठेवून पाहावा. १८८३ मध्ये लिहिलेल्या या ग्रंथाचे भाग फुल्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना स्वतः वाचून दाखवले. ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिला, त्यांतल्या बहुतेकांना तो वाचता येणार नव्हता. म्हणून लेखकच ग्रंथ घेऊन त्यांच्यापर्यंत गेला. आज आपण ज्याला 'लेखक आपल्या भेटीला' म्हणतो, त्याचे हे मराठीतले एक थोर उदाहरण. मात्र व्याख्यानमालांच्या इतिहासात ते क्वचितच येते.

आजच्या वाचनालयाकडे हे दोन्ही वारसे आले आहेत: रानड्यांचे सभागृह आणि फुल्यांचे वाचन. पहिला आपण निष्ठेने चालवतो. दिवा, हार, परिचय, व्याख्यान, वेळ उरलाच तर दोन प्रश्न आणि आभार. दुसऱ्याचा विसर पडला आहे. वाचनालयाच्या पायऱ्यांवरून रोज जाणारी, पण आत कधी न आलेली माणसे आजही गावात आहेत. पुढच्या स्मरणिकेत वक्त्यांची यादी जरूर असावी. पण त्या वर्षी पहिल्यांदाच आत येऊन कोण बसले, याचीही एक नोंद असावी.