ऑस्टेनसाहेब

१४. फ्रान्झ ऑस्टेन (१८७६–१९५६), म्युनिकचे चित्रपट दिग्दर्शक. हिमांशू राय यांच्याबरोबर त्यांनी ‘प्रेम संन्यास’ (१९२५) हा मूकपट केला आणि १९३४ साली मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभी राहिल्यावर तेथील बहुतेक सुरुवातीचे बोलपट दिग्दर्शित केले. मजकुरातील ‘जर्मन गाण्यांचे सिनेमे’ म्हणजे बर्लिनच्या ‘ऊफा’ कंपनीचे व्हिल्हेल्म थीले, एरिक चारेल आदींचे १९३०-३१चे संगीतपट. ऑस्टेन त्या परंपरेतले नव्हेत, हे लक्षात घ्यावे. त्यांच्या ‘अछूत कन्या’ची (१९३६) गाणी सरस्वतीदेवींची, संपूर्ण देशी वळणाची. पार्श्वगायन रुळलेले नव्हते, म्हणून अशोककुमार व देविकाराणी स्वतःच गायले. दिग्दर्शकाला हिंदी येत नसताना गाण्यांचा भाव पडद्यावर इतका नेमका उतरला, याचे श्रेय ऑस्टेन यांना मोकळेपणाने द्यायला हवे. सप्टेंबर १९३९मध्ये महायुद्ध सुरू होताच, ‘कंगन’चे काम चालू असताना, इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले, सुटकेनंतर ते जर्मनीला परतले. त्यांचे छायालेखक योझेफ विर्शिंग हेही स्थानबद्ध झाले, पण पुढे भारतातच राहिले. ‘महल’चे (१९४९) छायालेखन त्यांचेच.