नव्या घराचा विमा : काळ्या मातीत काय पाहावे?

चांदूर बाजार परिसरातील काळी कसदार जमीन संत्र्याला आणि कपाशीला मानवते, घराच्या पायाला मात्र नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतीही हलतात. आयुष्यातील पहिले घर बांधणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबाला त्यामुळे सर्वांत मोठी धास्ती असते ती भिंतीला तडा जाण्याची. घराचा विमा नेमकी हीच भरपाई देत नाही.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांकडे सारख्याच असतात. तुलना करायची ती हप्त्याची, सेवेची आणि जोड संरक्षणाची. आग, वीज कोसळणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणे हे सारे तीत येते. जमीन खचल्याने झालेले नुकसानही येते. पण त्याच कलमाखाली अपवाद दिलेले आहेत. नव्या बांधकामाला पडणाऱ्या सर्वसाधारण भेगा, इमारत बसणे, भराव घातलेली जमीन दबणे, सदोष आराखडा किंवा निकृष्ट साहित्य यांमुळे झालेले नुकसान विमा कंपनी देत नाही. नदीने काठ खाल्ल्याने जमीन खचली, तरी उत्तर तेच. पूर्णेच्या काठावर घर असणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवावा : पुराचे पाणी घरात शिरले तर भरपाई आहे, हळूहळू काठ ढासळला तर नाही.

तेव्हा काळ्या मातीवरचा खरा उपाय बांधकामाच्या वेळीच करावा लागतो. पाया मुरमापर्यंत नेणे, गरज पडल्यास तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया घेणे आणि सांडपाणी पायाशी मुरू न देणे, यांवर केलेला खर्च कोणतीही पॉलिसी भरून देणार नाही.

विमा किती रकमेचा घ्यावा, यात सर्रास गल्लत होते. घराची बाजारातील किंमत किंवा कर्जाची रक्कम येथे कामाची नाही. जागा जळत नाही, म्हणून तिची किंमत वगळायची. चटई क्षेत्राला बांधकामाच्या चालू दराने गुणायचे. ८० चौरस मीटरचे घर आणि प्रति चौरस मीटर २०,००० रुपये दर धरला, तर रक्कम १६ लाख होते. कुंपणाची भिंत, छपरावरील सौर पॅनेल यांचा खर्च त्यात वेगळा मिळवावा. घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, यादी न देताही संरक्षण मिळते. वरील घराला ते ३ लाख २० हजार होईल. दागिन्यांसाठी मात्र पर्यायी संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

दिलेली माहिती खरी असेल, तर विमा रक्कम कमी ठरली म्हणून दावा त्या प्रमाणात कापला जात नाही. रकमेच्या वर मात्र काही मिळत नाही. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. सिमेंट-लोखंडाचे भाव पाहता ही सोय मोलाची आहे.

चोरीबाबतही गैरसमज असतो. मूळ पॉलिसीत चोरी येते ती आग, पूर अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली. लग्नकार्याला कुलूप लावून गेले आणि घरफोडी झाली, तर त्यासाठी निराळे संरक्षण हवे.

कर्ज देणारी बँक पुष्कळदा ‘विमा’ म्हणून जो कागद पुढे करते, तो कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नव्हे. दोन्ही वेगळे, सही करण्यापूर्वी कशाचा विमा आहे हे वाचावे. बँक सुचवील त्याच कंपनीकडून तो घेण्याचे बंधन नाही.

बांधकाम परवानगी, नकाशा, साहित्याची बिले आणि घर पूर्ण झाल्यावरची छायाचित्रे यांची एक प्रत घराबाहेर ठेवावी. नुकसान होताच कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षक येईपर्यंत मोडतोड शक्यतो हलवू नये. कंपनीने दावा नाकारला, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. अमरावती जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यास आहे.