हलगीचे कातडे गेले, जात गेली का?

जयंतीच्या मिरवणुकीत आता फायबरचे ढोल दिसतात. वजनाला हलके, पावसाने न फुगणारे, आणि पान कातड्याऐवजी प्लास्टिकचे. "कातडे गेले, विटाळही गेला," असे काही मित्र म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

इतिहास पाहू. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या गावांत लग्न, पोळा, मयत, दवंडी, हलगी-डफड्याशिवाय काही होत नसे. ढोर ओढणारे, कातडे कमवणारे, कड्यावर मढवणारे, जाळावर शेकून वाजवणारे हात मात्र गावकुसाबाहेरचे. आवाज देवळाला चाले, वाजवणारा पायरीखाली. मोबदला म्हणजे बलुते आणि शिळी भाकर.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, मेलेली गुरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा कायदा इथे चालणार नव्हता, विचार मात्र सरहद्द ओलांडून आला. अनेक वस्त्यांनी गावकीचे वाजवणे टाकले. वैर सक्तीशी होते. वाद्याशी असते तर वामनदादा कर्डकांच्या गाण्यामागे ढोलकी कशी वाजली असती? ज्या मातंग बांधवांच्या हाती हलगी राहिली, त्यांना आपल्यातल्याच काहींनी हिणवले, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता फायबर. साच्याला मेण लावायचे, वर काचतंतूची चटई पसरायची, हार्डनर घातलेले पॉलिस्टर रेझीन ब्रशने जिरवायचे, असे थर चढवायचे. घट्ट झाले की साच्यातून काढून कडा घासायच्या. या कामाला जातीचा परवाना लागत नाही. प्लास्टिकचे पान अमेरिकेत १९५७ च्या सुमारास रेमो कंपनीने बाजारात रुळवले. बंगळुरूचे डॉ. के. वरदरंगन यांनी तर फायबरग्लासचे खोड आणि कृत्रिम पुड्यांचा मृदंगच बनवला. अभियांत्रिकी म्हणून काम उत्तम आहे.

पण त्याच मृदंगाचा दुसरा इतिहास बघा. पिढ्यान्‌पिढ्या मृदंग घडवणाऱ्या, बहुतांश दलित ख्रिश्चन कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. २०२० मध्ये त्याच्या प्रकाशनाला दिलेले सभागृह चेन्नईच्या कलाक्षेत्राने ऐनवेळी नाकारले. वादक पूज्य, वाद्य पूज्य, कारागिराचे नाव निघाले की राजकारण!

इकडे २०१५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बैल-वळूंची कत्तल बंद केली. २०१६ मध्ये उनाला मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना बांधून मारले. म्हणजे कातड्याचे काम करा तर मार, सोडा तर पोट रिकामे. अशा वेळी फायबर आले, तर त्याचा साचा कोणाच्या मालकीचा? कातडे मढवणारा घरी बसला आणि कारखाना दुसऱ्याचाच झाला, तर विटाळ गेला आणि धंदाही गेला, एवढेच.

आम्ही हलगी टाका म्हणत नाही, फायबर नको असेही म्हणत नाही. वाजवणाऱ्याला ठरलेली बिदागी रोख मिळावी आणि मढवणाऱ्यांच्या पोरांनी रेझीनचे काम शिकावे, एवढी आमची मागणी आहे. शिकताना तोंडाला साधा रुमाल पुरत नाही. रेझीनच्या वाफा आणि कडा घासतानाची काचेची धूळ दोन्ही छातीत जातात, मास्क त्या कामाचाच घ्यावा लागतो.