तालमीतून जगाकडे : 1923 ची सायकल-सफर

15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईचे सहा तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. सहाही जण पारशी, ऐन तारुण्यातले आणि बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब या एकाच व्यायाममंडळाचे सभासद होते. एका शहरातील एका तालमीच्या पोरांनी जग पाहण्याचा बेत करावा आणि तो तडीस न्यावा, ही घटना त्या काळात अपूर्वच होती.

दिल्लीतील मराठी शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या सायकलस्वारांचे काय प्रयोजन, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस देण्याचा प्रयत्न केला आहे. आधी थोडी पार्श्वभूमी पाहू.

सायकल हे वाहन आपल्याकडे आले ते श्रीमंतांची हौस म्हणून. पुढे उद्योगमहर्षी म्हणून कीर्ती पावलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत हे चित्र पालटू लागले आणि शहरांतील तरुणांच्या हाती सायकल आली. त्याच सुमारास व्यायामशाळांची चळवळही जोर धरीत होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. या मंडळाचा संघ 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे गेला आणि त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. शरीर कमवावे आणि त्या बळावर बाहेरच्या जगासमोर ताठ मानेने उभे राहावे, ही आकांक्षा त्या पिढीत मुंबईपासून वऱ्हाडापर्यंत पसरली होती.

मुंबईच्या तरुणांना निमित्त मिळाले ते एका व्याख्यानाचे. युरोपातून पायी भारतात पोहोचलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचे भाषण 1920 मध्ये ओव्हल मैदानावर झाले. ते ऐकून त्यांच्या मनात जगप्रवासाचे बीज पडले. निघायला मात्र आणखी तीन वर्षे लागली. पहिल्या महायुद्धानंतर पारपत्राचे निर्बंध जगभर कडक झाले होते आणि हिंदुस्थानातही 1920 मध्ये त्याचा कायदा झाला होता. या तरुणांना जायचे होते ते स्वतंत्र देशाचे नागरिक म्हणून नव्हे, तर ब्रिटिश प्रजाजन म्हणून. आपण कोण, कुठले, हे त्यांना प्रत्येक सीमेवर नव्याने सांगावे लागणार होते.

पंजाब आणि बलुचिस्तान ओलांडून ते इराणात शिरले. तेथून इराकमध्ये आल्यावर प्रवासाचा सर्वांत खडतर टप्पा त्यांच्यापुढे आला. बगदाद ते सीरियातील अलेप्पो हे 956 किलोमीटरचे वाळवंट त्यांनी 23 दिवसांत पार केले. तापलेली वाळू, वादळे आणि पाण्याचे दुर्भिक्ष यांतून सायकल पुढे रेटणे म्हणजे काय, याची कल्पना मे महिन्यातल्या दिल्लीत भर दुपारी सायकल चालवलेल्या माणसाला थोडीफार येईल. पुढे समुद्रमार्गे इटली, आल्प्स पर्वत, युरोपातील देश आणि ब्रिटन असा क्रम झाला. अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचे 8,400 किलोमीटर कापायला त्यांना पाच महिने लागले. नंतर जपान, कोरिया, चीन आणि आग्नेय आशियातील देश करीत ते ब्रह्मदेशमार्गे ईशान्य भारतात उतरले. 18 मार्च 1928 रोजी मुंबईत पोहोचले तेव्हा 4 वर्षे 5 महिने लोटले होते आणि सुमारे 71,000 किलोमीटरचा प्रवास झाला होता.

हा आकडा छाती दडपून टाकणारा आहे, पण दिवसांनी भागून पाहिला तर सरासरी 44 किलोमीटर येते. दिल्लीहून निघावे आणि सोनीपत गाठावे, जवळजवळ तेवढेच. एका दिवसापुरते हे कोणत्याही निरोगी तरुणाला जमेल. ते 1,616 दिवसांच्या हिशेबात टिकवणे, हेच त्यांचे खरे कर्तृत्व.

मुंबईला सायकलवरून परतले ते तिघेच : हकीम, बापासोला आणि भूमगरा. कापडिया काही खासगी कारणांमुळे तेहरानहून माघारी वळले. हाथीराम यांना अमेरिका इतकी आवडली की त्यांनी तेथेच राहायचे ठरविले. मित्राच्या या निर्णयाने खिन्न झालेले पोचखानवाला तेथून घरी परतले. पुढच्या अफाट वाटेवर उरलेले तिघेच गेले. समूहाने केलेल्या प्रवासात असे प्रसंग अटळ असतात. घरची ओढ, नव्या भूमीचा मोह आणि मैत्रीतला हिरमोड हीदेखील माणसांचीच कारणे आहेत. त्यांना भ्याडपणा म्हणता येत नाही.

ज्या 1931 साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी तिघांचे इंग्रजी प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना लिहिली ती पंडित जवाहरलाल नेहरूंनी. आपल्यालाही साहसाची ओढ आहे आणि म्हणून या लेखकांचा हेवा वाटतो, अशी प्रांजळ कबुली त्यांनी तीत दिली. या सफरीपासून स्फूर्ती घेऊन इतरही निघाले. क्रीडा पत्रकार फ्रामरोझ दावर 1924 मध्ये एकटेच बाहेर पडले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव नावाचा सोबती मिळाला आणि दोघांनी सहारा व अँडीजही पार केले. केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे 1933 मध्ये निघाले आणि 84,000 किलोमीटर फिरून 1942 मध्ये परतले, तेव्हा दुसरे महायुद्ध पेटलेले होते. पुढे मात्र ही सारी नावे विस्मरणात गेली. पहिल्या सफरीचे पुस्तक 2008 मध्ये दिल्लीच्याच एका प्रकाशनसंस्थेने पुन्हा छापले, तोपर्यंत फारच थोड्यांना त्याची माहिती होती.

सायकलची परंपरा मात्र खंडित झाली नाही. दिल्लीत चित्रकला शिकलेले प्रद्युम्नकुमार महानंदिया 1977 मध्ये येथूनच सायकलवर स्वीडनच्या दिशेने निघाले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आरपार करणारी 'रॅम' शर्यत पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, 29,000 किलोमीटरची जगप्रदक्षिणा 159 दिवसांत आटोपली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. हीरक महोत्सवाच्या ग्रंथात गुणवंतांच्या याद्या असतात आणि त्या असायलाच हव्यात. पण पहिलीच्या हजेरीपटावर असलेली सगळीच नावे शालान्त परीक्षेच्या यादीत उतरत नाहीत. कोणाच्या वडिलांची सरकारी नोकरीत बदली होते. सांगलीकडून गलाईच्या धंद्यासाठी आलेले कुटुंब करोलबाग सोडून दुसऱ्या शहरात जाते. कोणाचे नाव घरच्यांच्या आग्रहाने इंग्रजी माध्यमात घातले जाते. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या मराठी शाळेला ही गळती अधिकच जाणवते, आणि दर वर्षी एखादे बाक रिकामे होते.

1923 च्या सहा जणांपैकी तिघांनीच प्रवास पुरा केला, तरीही तो इतिहास सांगताना आपण आजही सहा नावे घेतो. तेहरानपर्यंत आलेला कापडिया त्या तुकडीचाच होता. म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपापल्या तुकडीची यादी पाठवाल, तेव्हा चौथीत, सातवीत शाळा सोडून गेलेल्या मित्रमैत्रिणींची नावेही आठवून लिहा. पालकांनीही आपल्या आठवणीतली नावे कळवावीत. साठ वर्षांच्या वाटचालीत थोडे अंतर का होईना, तेही आपल्यासोबत चालले आहेत.